वाळल्या पोळीचा मान

अरबस्थानाचें नांव काढलें कीं सुशिक्षित मनुष्याच्याहि डोळ्यांपुढें वाळूचा अफाट पसारा, उंटांची रांग, खजुरीचीं चार झाडें आणि एखादा काळा तंबू एवढेंच चित्र उभें राहतें. त्या तंबूंतला मनुष्य काय खात असेल, असें कोणीं विचारलेंच, तर 'खजूर आणि उंटिणीचें दूध' हें उत्तर तयार असतें. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. ज्या पदार्थाला अरब लोक शतकानुशतकें आपल्या अन्नांत पहिला मान देत आले, तो खजुराचाहि नाहीं आणि दुधाचाहि नाहीं. तो आहे मेंढीच्या मांसाच्या रश्शांत भिजविलेल्या गव्हाच्या पोळीचा. आणि ती पोळीहि तव्यावरून नुकतीच उतरलेली, मऊ व वाफाळलेली नव्हे. कांहीं आठवड्यांपूर्वीं भाजलेली आणि वाळवून कडकडीत करून ठेवलेली अशी ती पोळी असते.

आपल्याकडील घरांतून उरलेली पोळी कुस्करून तिला फोडणी दिली जाते. ती चवीला कितीहि खमंग लागली, तरी तिचा मान घरच्या माणसांपुरताच. पाहुणा दारांत आला म्हणजे गृहिणी ती झांकून ठेवते आणि ताजी कणीक भिजवावयास घेते. मध्य अरबस्थानांतील गृहिणीची रीत नेमकी उलट आहे. पाहुणे येणार असें कळलें कीं ती वाळलेल्या पोळ्यांची चळत खालीं काढते. एकाच वस्तूविषयीं एका घरीं संकोच आणि दुसऱ्या घरीं अभिमान असा भेद कां पडावा, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे त्या देशाची जमीन, तेथलें पाणी, तेथलें सरपण आणि तेथली माणुसकी या चारहि गोष्टी एका परातींत येऊन बसतात.

या पदार्थाच्या कुळाचें जुनें नांव 'थरीद'. ज्या अरबी धातूपासून हा शब्द निघाला, त्याचा अर्थ मोडणें, कुस्करणें असा आहे. मराठींतील 'काला' या शब्दाच्या तो बराच जवळ येतो. थरीदाची जी सर्वांत प्रसिद्ध कथा आहे, ती इस्लामच्या उदयापूर्वींची आहे. मक्केंत त्या काळीं अम्र नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. हिवाळ्यांत दक्षिणेस येमेनकडे आणि उन्हाळ्यांत उत्तरेस शामकडे, म्हणजे सीरियाच्या बाजूस, असे वर्षांतून दोन तांडे पाठविण्याची पद्धत त्यानेंच घालून दिली, असें परंपरा सांगते. एके वर्षीं मक्केंत दुष्काळ पडला. लोकांची अन्नान्न दशा झाली. तेव्हां या व्यापाऱ्यानें शामहून उंटांच्या पाठीवर भाकरी आणविल्या. तेच उंट कापून मोठमोठ्या भांड्यांतून रस्सा शिजविला. त्या रश्शांत आणलेल्या भाकरी कुस्करल्या आणि मक्केच्या लोकांस पोटभर जेवूं घातलें. कुस्करणें या अर्थाचा 'हशम' असा दुसरा एक धातु अरबींत आहे. त्यावरून लोक त्याला 'हाशिम', म्हणजे कुस्करणारा, असें म्हणूं लागले. आणि त्याचें मूळचें नांव मागें पडलें.

हा हाशिम महंमद पैगंबरांचा पणजोबा. त्याच्या वंशजांना हाशिमी म्हणतात आणि जॉर्डन देशाचें राजघराणें आजहि तेंच नांव अभिमानानें लावतें. जगांतील अनेक राजकुलांचीं नांवें पराक्रमावरून, मुलुखावरून अथवा देवतेवरून पडलीं आहेत. भुकेलेल्यांसाठीं भाकरी कुस्करण्यावरून पडलेलें राजकुलाचें नांव क्वचितच आढळेल.

पुढें पैगंबरांच्या आठवणी लोकांनीं परंपरेनें जतन करून ठेवल्या, त्यांतहि थरीद वारंवार येतें. आपल्या पत्नी आयेषा यांचें श्रेष्ठत्व सांगतांना, सर्व अन्नांत जसें थरीद तशा सर्व स्त्रियांत आयेषा, अशी उपमा त्यांनीं दिल्याचें प्रसिद्ध आहे. दुसऱ्या एका आठवणींत चार माणसांनीं उचलावी लागे अशा एका प्रचंड काथवटीचें वर्णन आहे. तिला नांवहि होतें, 'गर्रा'. तींत थरीद कालवून ती मध्यें ठेवीत आणि मंडळी भोंवतीं बसत. गर्दी वाढली तेव्हां पैगंबर स्वतः गुडघे मोडून, अंग चोरून बसले. हें पाहून एका रानांतल्या अरबानें आश्चर्य व्यक्त केलें, तेव्हां ईश्वरानें आपल्याला नम्र सेवक केलें आहे, उद्दाम सत्ताधीश केलेलें नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. मग कडेकडेनें खा, मधला भाग राहूं द्या, बरकत तेथें उतरते, असें त्यांनीं सर्वांस सांगितलें. या सांगण्यांत भक्तिभाव तर आहेच. पण व्यवहारहि आहे. प्रत्येकानें आपल्यापुढचें खाल्लें आणि मध्यावर हात घातला नाहीं, म्हणजे मागाहून येणारालाहि वांटा उरतो.

इसवी सन ६३९ च्या सुमारास हिजाझमध्यें मोठें अवर्षण झालें. त्या वर्षाला अरब इतिहासांत 'राखेचें वर्ष' असें नांव पडलें आहे. खलिफा उमर यांनीं त्या वेळीं बाहेरून धान्य व तेल आणवून लोकांना तेलांत कालविलेली भाकरी वांटली. आणि लोकांची विपत्ति दूर होईपर्यंत स्वतः तूप व मांस वर्ज्य केलें, अशी त्यांची कीर्ति आहे. अशा रीतीनें कुस्करलेल्या भाकरीचा हा पदार्थ अरबांच्या मनांत दोन गोष्टींशीं कायमचा जोडला गेला: दुष्काळाशीं आणि औदार्याशीं. पुढें बगदादच्या वैभवाच्या काळांत तो खलिफांच्या मुदपाकखान्यांतहि गेला. दहाव्या शतकांत इब्न सय्यार अल्-वर्राक यानें लिहिलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत थरीदाचे कितीतरी प्रकार दिलेले आहेत. परंतु त्याचें खरें माहेर वाळवंटाच्या कडेचें साधें घर हेंच राहिलें. आणि तें घर पाहण्यासाठीं नज्द प्रांतांत गेलें पाहिजे.

नज्द म्हणजे अरबी द्वीपकल्पाच्या मध्यावरील उंच पठार. रियाध हें शहर याच पठारावर आहे आणि त्याच्या वायव्येस कसीम हा गव्हाचा व खजुराचा जुना मुलूख पसरलेला आहे. या प्रदेशांत बारमाही वाहणारी एकहि नदी नाहीं. पाऊस अल्प आणि तोहि बेभरंवशाचा. जुन्या काळीं येथें गहूं पिकत असे तो केवळ विहिरींच्या जोरावर. खोल विहिरीवर लाकडी चाकें बसवून, कातड्याची मोट सोडून, उंट उतारावरून खालीं चालवीत आणि पाणी वर खेंचीत. आपल्याकडे मोटेला जुंपलेले बैल जें काम करीत, तेंच तेथें उंट करी. चाकांचा करकराट रात्रीं सुद्धां थांबत नसे. असें पाणी पाजून वाढविलेल्या गव्हाची एक ओंबी म्हणजे किती मोटा, याचा हिशेब ज्याच्या अंगीं मुरलेला आहे, तो मनुष्य पोळीचा तुकडा टाकून देणें शक्यच नाहीं. त्याच्या दृष्टीनें तो तुकडा म्हणजे विहिरीचें पाणीच होय.

सरपणाचीहि तीच कथा. रानांतलीं झुडुपें, बाभळीच्या जातीच्या झाडांच्या काटक्या आणि उंटांच्या लेंड्या यांवर चूल पेटवावयाची. तेव्हां रोज दोन वेळां तवा तापविणें परवडावें कसें? म्हणून एके दिवशीं शेजारणी एकत्र बसत, एकदांच विस्तव करीत आणि पुष्कळ दिवसांच्या पोळ्या भाजून ठेवीत. कोंकणासारख्या दमट हवेंत असा साठा चार दिवसांत बुरसला असता. पण नज्दची हवा इतकी कोरडी कीं तेथें बुरशीला शिरकाव नाहीं. ज्या कोरडेपणामुळें त्या देशाला पाण्यासाठीं एवढे कष्ट पडतात, तोच कोरडेपणा त्याच्या अन्नाची राखण करतो.

या वाळविलेल्या पोळ्यांना 'कुर्सान' म्हणतात. अरबींत 'कुर्स' म्हणजे चकती. कुर्सान हें त्याचें अनेकवचन. पोळ्यांचें हेंच नांव त्यांपासून होणाऱ्या जेवणालाहि मिळालें आहे. कोंड्यासकट दळलेलें गव्हाचें पीठ, मीठ आणि पाणी एवढेंच त्यांचें साहित्य. पीठ सैलसर मळून मुरूं देतात. मग कोणी तें पातळ लाटतात, तर कोणी सैल गोळा हातांत धरून तापल्या पत्र्यावर असा फिरवितात कीं पिठाचा एक पातळ पापुद्रा पत्र्याला चिकटून राहतो. हा पत्रा आपल्या तव्यासारखा खोलगट नसतो. तो पालथ्या कढईप्रमाणें मध्यें फुगीर असतो आणि त्याला 'साज' म्हणतात. ज्यांनीं उपड्या खापरावर मांडे होतांना पाहिले आहेत, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं. पोळी क्षणांत सुकते, तिच्यावर तपकिरी ठिपके उमटतात, कडा सुटूं लागतात. कीं ती उचलून पसरलेल्या फडक्यावर टाकावयाची. थंड होतां होतां ती पापडासारखी कडक होते. सोलापूरकडील पातळ कडक भाकरी ज्यांच्या घरीं येते, त्यांना वाळलेलें अन्न रश्शांत मोडून खाण्यांतील गोडी वेगळी समजावून सांगावयास नको. तेथें ज्वारी, येथें गहूं, युक्ति एकच.

आतां रश्शाकडे वळावें. पांच-सहा माणसांच्या जेवणाला हाडांसकट एक किलो मेंढीचें मांस पुरतें. नज्दी मेंढी दिसावयास मोठी डौलदार. अंगावर लांब काळी लोंकर आणि तोंड मात्र पांढरें. तिच्या खांद्याचे अथवा मांडीचे मोठे तुकडे घ्यावेत. पातेल्यांत दोन चमचे तूप तापवून त्यांत दोन बारीक चिरलेले कांदे तांबूस होईपर्यंत परतावे, मग मांस टाकून सर्व बाजूंनीं रंग येईपर्यंत हलवावें. धणे, जिरें, काळीं मिरीं व हळद यांची पूड, दालचिनीचा एक तुकडा आणि दोन-चार वेलदोडे एवढा मसाला पुरे. नज्दचा स्वयंपाक तिखट नसतो. त्याचा भर वासावर आणि आंबटपणावर असतो. नंतर तीन-चार टोमॅटो चिरून घालावे आणि अडीच लिटर उकळतें पाणी ओतावें. वर आलेला फेस पळीनें काढून टाकून, झांकण ठेवून, मंद आंचेवर दीड ते दोन तास शिजूं द्यावें. मांस हाडापासून सहज सुटूं लागलें म्हणजे शिजलें असें समजावें. येथें घाई करणाराचा रस्सा पाणचट होतो. आणि रस्सा पाणचट झाला तर पोळीला प्यावयास द्यावयाचें तरी काय?

त्या आंबटपणाचें श्रेय टोमॅटोपेक्षां एका सुक्या लिंबाला अधिक आहे. टोमॅटो ही अमेरिकेची देणगी. अरबस्थानच्या चुलीवर तो फार उशिरा आला. त्याच्या आधींपासून हा मान 'लूमी' नांवाच्या वाळलेल्या लिंबाकडे आहे. लहान, रसाळ लिंबें मिठाच्या पाण्यांत उकळून कडक उन्हांत ठेवतात. कांहीं दिवसांत तीं हलकीं, टणक आणि तपकिरी, कधीं अगदीं काळीं, होतात. ओमानच्या किनाऱ्यावरचीं हीं लिंबें प्रसिद्ध आहेत. इराकमध्यें त्यांना 'बसऱ्याचें लिंबू' असें म्हणतात. कारण समुद्रमार्गें आलेला हा माल बसऱ्याच्या बंदरांत उतरे. रश्शांत टाकण्यापूर्वीं अशा दोन लिंबांना सुरीच्या टोकानें भोंकें पाडावीं, म्हणजे आंतील धुरकट आंबट चव हळूहळू बाहेर उतरते. बिया कडवट असतात. त्या काढून टाकलेल्या बऱ्या.

मांस शिजत आल्यावर शेवटच्या अर्ध्या तासांत भाज्या घालतात. लाल भोंपळ्याच्या मोठ्या फोडी, वांगीं, गाजरें, कोंवळे हिरवे भोंपळे. ज्या ऋतूंत जें मिळेल तें. भोंपळ्याला येथें एक विशेष मान आहे. एका शिंप्यानें पैगंबरांना जेवावयास बोलाविलें तेव्हां त्यानें जवाची भाकरी आणि सुकें मांस घातलेला दुध्या भोंपळ्याचा रस्सा वाढला होता. आणि पैगंबर ताटाच्या कडेनें भोंपळ्याच्या फोडी शोधून खात होते, अशी त्या प्रसंगीं हजर असलेल्या एका शिष्याची आठवण आहे. भाज्या मऊ व्हाव्या, पण विरघळूं नयेत. ज्यांच्या घरीं मांस चालत नाहीं, त्यांनीं हरभरे, भोंपळा, वांगीं व सुकें लिंबू यांचा दाट चवीचा रस्सा केला, तरी पोळी भिजविण्याची पुढील सर्व कला त्यांनाहि तशीच लागू पडते.

कारण खरी परीक्षा रश्शांत नाहीं. ती पोळी भिजविण्यांत आहे. रस्सा जवळ जवळ कोणालाहि साधतो. पोळी भिजविणें हें मात्र हातच्या अंदाजाचें काम आहे, आणि त्यावरून त्या घरच्या बाईची पारख होते. पोळीला रस्सा कमी पडला तर कडा कोरड्या राहतात व दांतांखालीं करकरतात. जास्त झाला तर सगळ्याचा लगदा होतो आणि मग तें पाहुण्यापुढें ठेवण्याजोगें राहत नाहीं. या दोहोंच्या मधली अवस्था अशी कीं पोळी पूर्ण मऊ व्हावी, रसानें जड व्हावी, परंतु उचलली असतां तिचा पदर वेगळा निघावा.

यासाठीं पसरट, जाड बुडाचें भांडें अथवा परात घेतात. तिच्या तळाशीं एक पळीभर रस्सा पसरतात. अडीचशें ग्रॅम वाळलेल्या पोळ्या तळहाताएवढ्या तुकड्यांत मोडून त्यांचा एक थर देतात. त्यावर गरम रस्सा पळीनें, कडेकडून मध्याकडे, फिरवून घालतात. मग दुसरा थर, पुन्हां रस्सा. असे तीन-चार थर होतात. रस्सा उकळता असावा, कारण गार रस्सा पोळीच्या पोटांत शिरत नाहीं, वरचेवर राहतो. तो एकदम ओतूं नये. एवढ्या पोळ्या सुमारें एक लिटर रस्सा पितात, पण तो सारा त्यांना एका दमांत द्यावयाचा नसतो. पहिला रस्सा दिल्यावर झांकण ठेवून पांच मिनिटें थांबावें, उघडून पाहावें, कोठें कोरडा कोपरा दिसला तर तेथेंच थोडा रस्सा द्यावा आणि पुन्हां झांकावें. दहा-पंधरा मिनिटांत पोळी तृप्त होते. मिठाविषयींहि सावध असावें लागतें. पोळींत मीठ आहेच. तेव्हां रस्सा नुसता चाखतांना नेमका वाटला, तर तो भिजलेल्या पोळींत किंचित् खारट होण्याचा संभव असतो.

इराकमध्यें याच कुळांतील पदार्थाला 'तश्रीब' म्हणतात. 'पिणें' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द बनला आहे. तश्रीब म्हणजे जिला पाजलें ती. हें नांव फार समर्पक आहे. विहिरीच्या पाण्यावर गहूं वाढला. साजवरच्या विस्तवानें आणि वाळवंटाच्या वाऱ्यानें त्या पोळींतलें पाणी काढून घेतलें. आणि आतां रश्शाच्या रूपानें तें पाणी, मांसाचा व मसाल्याचा गुण घेऊन, पोळीला परत मिळतें. भिजविणारी स्त्री हें परत देण्याचेंच काम करीत असते. तें देणें बेतशीर असावें लागतें. कारण जेथें पाणी दुर्मिळ आहे तेथें दातृत्वालाहि माप असतें.

पोळी मुरली म्हणजे तिच्यावर भाज्या रचतात आणि मध्यभागीं मांसाचे तुकडे ठेवतात. शेवटीं 'किश्ना' घालतात. तुपांत कांदा खमंग तळून त्यांत मिरपूड, जिरेपूड आणि सुक्या लिंबाची पूड घातली कीं किश्ना झाला. आपल्याकडे आमटीवर वरून फोडणी देतात, तसाच हा शेवटचा हात. उरलेला रस्सा वाडग्यांतून जवळ ठेवतात, म्हणजे ज्याला हवा त्यानें आपल्या बाजूस घालून घ्यावा.

मग 'सुफ्रा' पसरतात. सुफ्रा म्हणजे जमिनीवर अंथरलेलें जेवणाचें वस्त्र. त्यावर ती एक परात मध्यें येते आणि मंडळी भोंवतीं बसतात. हात धुतलेले असतात. ईश्वराचें नांव घेऊन उजव्या हातानें घांस घेतात. वेगवेगळीं ताटें नाहींत. वडील, तरुण, पाहुणा, वाटसरू, सर्वांचे हात एकाच परातीच्या कडेला असतात. आणि मांसाचा चांगला तुकडा यजमान आपल्या हातानें पाहुण्याच्या बाजूला सरकवितो. येथें या पदार्थाची आणखी एक युक्ति लक्षांत येते. एक किलो मांस सहा जणांत तुकड्यांनीं वांटलें तर कोणाला अधिक, कोणाला उणें, हा प्रश्न निघणारच. पण त्या मांसाचा सारा रस पोळींत उतरलेला असल्यामुळें ज्याच्या हातीं तुकडा आला नाहीं त्यालाहि मांसाची चव चुकत नाहीं. अचानक आणखी दोन माणसें आलीं तर मांस वाढवितां येत नाहीं. चार पोळ्या आणि चार पळ्या रस्सा मात्र सहज वाढवितां येतो.

कुस्करलेल्या भाकरीचा हा गोतावळा फार मोठा आहे. आखाताच्या किनाऱ्यावर, अबू धाबी आणि दुबई येथें, कागदासारख्या पातळ 'रकाक' पोळीचें थरीद रमझानच्या संध्याकाळीं घरोघर असतें. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटाला तें हलकें व ओलसर अन्न मानवतें. ईजिप्तमध्यें बकरी ईदेच्या दिवशीं भाकरीचे तुकडे, भात, मांस आणि लसूण-शिर्क्याची फोडणी यांचा 'फत्ता' करतात. दूर पश्चिमेस मोरोक्कोंत 'रफीसा' नांवाचा याचाच भाऊबंद आहे. पोळीचे तुकडे, कोंबडी, मसूर आणि मेथ्या यांचा हा पदार्थ तेथें बाळंतिणीला मुद्दाम करून घालतात. बाळंतिणीसाठीं मेथ्यांची आठवण मोरोक्कोंतल्या आजीलाहि व्हावी आणि महाराष्ट्रांतल्या आजीलाहि व्हावी, हें वाचून कोणालाहि मौज वाटेल.

विसाव्या शतकांत मात्र या वाळल्या पोळीच्या मानाला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. आणि तो बहुतांशीं भारतांतून गेला. कुवेत व ओमानचीं शिडाचीं गलबतें खजूर घेऊन मुंबईच्या बंदरांत येत आणि परततांना तांदूळ, मसाले व सागवान घेऊन जात. हा व्यवहार इतका जुना व दाट होता कीं आखातांतील कित्येक बाजारांत भारताचाच रुपया चाले. १९५९ सालीं तर त्या बाजारांसाठीं भारताच्या रिझर्व्ह बँकेनें निराळा आखाती रुपया छापला. पुढें तेलाचा पैसा आला आणि एके काळीं सणासुदीचा असलेला तांदूळ रोजच्या ताटांत येऊन बसला. आज अरबस्थानांतील मेजवानी म्हटली कीं भाताच्या ढिगावर ठेवलेलें मांसच डोळ्यांपुढें येतें, आणि त्यांतला लांब दाण्याचा तांदूळ बहुधा भारताचा अथवा पाकिस्तानचा असतो.

गव्हाच्या बाबतींत याहून विलक्षण प्रकार घडला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत सौदी अरेबियानें खोल नळविहिरी खणून, सरकारी साहाय्यानें, वाळवंटांत गव्हाचीं प्रचंड वर्तुळाकार शेतें उभीं केलीं. इतका गहूं पिकला कीं तो परदेशीं पाठविला जाऊं लागला. परंतु तें पाणी पावसाचें नव्हतें. जमिनीच्या पोटांत हजारों वर्षांपूर्वीं साठलेलें होतें, आणि उपसलें कीं परत भरून येणारें नव्हतें. शेवटीं २००८ सालीं सरकारनें देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें ठरविलें. उंटाच्या मोटेनें पाणी काढणाऱ्या म्हाताऱ्याला जें ठाऊक होतें, तें यंत्रांना शिकावयास कांहीं दशकें लागलीं: त्या भूमींत गहूं खाणें म्हणजे पाणी खाणें होय.

तरीहि घराची आठवण सहजीं पुसली जात नाहीं. रियाध व कसीमच्या बाजारांत कुर्सानच्या पोळ्या आज बांधलेल्या पुड्यांतून विकत मिळतात. ज्यांच्या घरीं साज उरला नाहीं त्यांचीहि सोय होते. २०२३ सालीं सौदी अरेबियाच्या पाककला आयोगानें आपल्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ जाहीर केला, तेव्हां त्यानेंहि भाताच्या कोणत्याहि पक्वान्नाची निवड केली नाहीं. निवड झाली ती 'जरीश' या भरडलेल्या गव्हाच्या साध्या पदार्थाची. धनाढ्य झालेल्या राष्ट्रानें आपली ओळख सांगतांना आपल्या गरिबीच्या दिवसांतल्या धान्याकडे बोट दाखवावें, यांत त्या राष्ट्राची कृतज्ञता दिसते.

कुर्सान करावयास फार साहित्य लागत नाहीं आणि विशेष कौशल्यहि लागत नाहीं. लागते ती थोडी सबुरी आणि पोळीविषयीं थोडा आदर. आपल्याकडेहि दुष्काळ नवे नाहींत आणि खोल गेलेल्या विहिरीहि नव्या नाहींत. ताटांत उरलेला चतकोर हातांत घेतांना त्यामागच्या मोटा ज्याला दिसतात, तो तो चतकोर टाकीत नाहीं. नज्दची गृहिणी त्याच्याहि एक पाऊल पुढें जाते: ती तो चतकोर भिजवून, सजवून, परातीच्या मधोमध ठेवते आणि पाहुण्याला म्हणते, बसा.